शाळेतून 'टियर 2'चं पत्र आलं, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा अमेरिकेत तिसरीत शिकतो. शाळेचं पत्र आलं, की वाचनात तो 'टियर 2'मध्ये आहे आणि आठवड्यातून चार दिवस त्याला छोट्या गटात घेणार आहेत. शिवाय वर्गात सारखा जागेवरून उठतो म्हणून 'चेक-इन चेक-आउट'चं एक कार्ड रोज घरी येणार. घरी तुम्ही सगळे मराठी बोलता. तुम्हाला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे स्पेशल एज्युकेशन (म्हणजे डिसॅबिलिटी असलेल्या मुलांसाठीचं खास शिक्षण) आहे का, मुलावर कायमचा शिक्का बसेल का, नकार द्यावा का, आणि घरातली मराठी बंद करावी का.

मी अशाच एका शाळेत वाचनाच्या छोट्या गटांना शिकवते आणि ही पत्रं ज्या टीमच्या बैठकीतून निघतात त्या टीमवर आहे. म्हणजे मी पत्र पाठवणाऱ्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. ही पत्रं वाईट लिहिलेली असतात हे मात्र आधीच मान्य करते. मूल कुठल्या टियरमध्ये आहे ते त्यात ठळक असतं. त्याला नक्की काय शिकवणार, किती आठवडे, आणि उपयोग होतोय की नाही हे कधी बघणार, याचा पत्ता नसतो. तुमची झोप उडालीय ती टियरच्या आकड्यामुळे, पण खरी अडचण हा न लिहिलेला मजकूर आहे. टियर म्हणजे शाळा किती मदत देतेय त्याची पातळी. एकच मूल वाचनात दुसऱ्या, गणितात पहिल्या आणि वागणुकीत तिसऱ्या पातळीवर असू शकतं आणि जानेवारीत यातलं सगळं बदललेलं असू शकतं.

ही रचना आली कुठून ते थोडं सांगते, कारण त्यावरून शाळा अशी का वागते ते कळतं. प्रतिबंधाचे तीन थर ही मुळात सार्वजनिक आरोग्यातली कल्पना: सगळ्यांसाठी काहीतरी, धोक्यात असलेल्यांसाठी थोडं जास्त, आजारी पडलेल्यांसाठी सखोल उपचार. शाळांमध्ये ती दोन वाटांनी आली. वाचन-गणितासाठी 'रिस्पॉन्स टू इंटरव्हेन्शन' आणि वागणुकीसाठी 'पीबीआयएस', म्हणजे चांगल्या वागणुकीला सकारात्मक आधार देण्याची पद्धत. त्याआधी बऱ्याच ठिकाणी लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अक्षमता, ठरवायची तर मुलाचा बुद्ध्यांक आणि प्रत्यक्ष प्रगती यांत मोठी तफावत दाखवावी लागे. ती तफावत पुरेशी मोठी व्हायला मुलाला दोन-तीन वर्षं नापास होत राहावं लागे, आणि तोवर मदत नाही. 2004 साली फेडरल कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही तफावत दाखवलीच पाहिजे अशी अट राज्यांना घालता येणार नाही असं ठरलं. मुलाला चांगली मदत दिल्यावर ते कसा प्रतिसाद देतं, हे बघण्याचा मार्ग खुला झाला. 2015च्या शिक्षण कायद्यात 'मल्टि-टियर्ड सिस्टम ऑफ सपोर्ट्स', म्हणजे एमटीएसएस, हे नाव व्याख्येसकट आलं. आता बहुतेक शाळा अभ्यास आणि वागणूक दोन्ही याच छत्राखाली बघतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, टियर 2 हे स्पेशल एज्युकेशन नाही. त्यासाठी वेगळं मूल्यमापन लागतं, तुमची लेखी संमती लागते आणि शेवटी आयईपी नावाचा दस्तऐवज, म्हणजे त्या मुलापुरती लेखी शिक्षणयोजना, तयार होतो. यातलं काहीच तुमच्याकडे आलेलं नाही. गटाची नोंद शाळेच्या फाइलमध्ये राहते हे खरं, आणि ती फाइल बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर तिसरीतला वाचनगट येत नाही.

तुमचा मुलगा या यादीत आला कसा? बहुधा वर्षातून तीनदा होणाऱ्या चाचणीतून, जी शाळा सगळ्या मुलांची घेते. त्यातला एक भाग असा असतो: मुलासमोर न वाचलेला उतारा ठेवायचा, एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगायचं आणि किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. मिनिटभराच्या चाचणीवरून काय कळणार, असं पालक म्हणतात. ताप मोजायलाही मिनिटच लागतं. तापाचं कारण त्यातून कळत नाही एवढंच. हॅसब्रुक आणि टिंडल या अभ्यासकांच्या वाचनवेगाच्या 2017च्या तक्त्याप्रमाणे तिसरीतलं बरोबर मधलं मूल वर्षाच्या सुरुवातीला मिनिटाला 83 शब्द वाचतं आणि वर्षअखेरीला 112. खालच्या पाव भागाच्या सीमेवरचं मूल सुरुवातीला 59 आणि शेवटी 91. हे आकडे इंग्रजी वाचनाचे आहेत, ते मराठी वाचनाला लावू नका.

इथे घरी मराठी बोलणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. उच्चाराच्या लकबीमुळे वेगळा ऐकू येणारा शब्द या चाचणीत चूक धरायचा नसतो. इंग्रजीतले दोन वेगळे 'व' (v आणि w) आपली मुलं एकसारखे म्हणतात, ते बरोबरच धरायचं. परीक्षक नवखा असेल तर कधी कधी चूक धरली जाते. शंका असेल तर 'त्याच्या चुका कोणत्या प्रकारच्या होत्या?' असं विचारा. त्या कागदावर खुणा केलेल्या असतात, शिक्षिका दाखवू शकते.

हा प्रश्न दुसऱ्या कारणासाठीही विचारावा. समजा दोन मुलं आहेत, दोघंही मिनिटाला 52 शब्द बरोबर वाचतात. एक जण जवळजवळ चुकत नाही, पण प्रत्येक शब्द खणून काढल्यासारखा सावकाश वाचतो. दुसरा भरभर जातो, छापलंय 'हॉर्स' आणि वाचतो 'हाऊस', आणि वाक्याचा अर्थ लागत नाहीय याची त्याला खंतही नसते. आकडा एकच, पण पहिल्याला तोच उतारा मार्गदर्शनाखाली पुन्हा पुन्हा वाचण्याचा सराव हवा. दुसऱ्याला शब्दातलं प्रत्येक अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडणी मुळापासून नीट शिकवावी लागेल. ही दोन मुलं केवळ आकडा सारखा म्हणून एकाच गटात बसवली असतील, तर त्यातल्या एकाचा वेळ वाया जाणार. म्हणून तुमच्या मुलाचा गट नेमका कुठल्या कौशल्यावर काम करणार, हे मी सगळ्यात आधी विचारलं असतं.

दुसरा प्रश्न: या गटासाठी त्याला कुठल्या तासातून उठवणार? चांगल्या टियर 2ची साधारण ठेवण म्हणजे तीन ते पाच-सहा मुलांचा गट, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, प्रत्येक वेळी 20 ते 40 मिनिटं. आणि हे सगळं वर्गातल्या नेहमीच्या वाचनाच्या तासाशिवाय जास्तीचं. मुलाला वाचनाच्याच तासातून उचलून गटात नेलं, तर जास्तीचं काहीच मिळालं नाही, फक्त जागा बदलली. 2015 साली 146 शाळांचा एक मोठा सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिलीची जी मुलं कट-ऑफच्या किंचित खाली होती म्हणून मदतीच्या गटात गेली, त्यांचे गुण किंचित वर राहिलेल्या मुलांपेक्षा कमी निघाले. त्याच अभ्यासात बऱ्याच शाळा काही मदत नेहमीच्या वाचनतासातच देत असल्याचं दिसलं. हेच त्याचं एकमेव कारण असं म्हणता येणार नाही आणि सीमेपासून बरंच खाली असलेल्या मुलांबद्दल तो अभ्यास फारसं सांगत नाही. पण तेव्हापासून बैठकीत मी वेळापत्रक उघडून बघते. रोज पीई किंवा चित्रकला बुडवून गट घेणार असतील तर त्यालाही हरकत घ्या. ज्या मुलाला वाचन जड जातं त्याचा दिवसातला तेवढाच तास मजेचा असतो.

तिसरा प्रश्न आलेखाचा. टियर 2मधल्या मुलाची प्रगती महिन्यातून निदान एकदा मोजावी, आम्ही बहुतेक दर दोन आठवड्यांनी मोजतो. त्याचा आलेख असतो: आज कुठे आहे तिथपासून वर्षअखेरच्या लक्ष्यापर्यंत एक तिरकी रेघ, आणि तिच्या आजूबाजूला प्रत्यक्ष मोजणीचे ठिपके. तुमचा मुलगा 52वर असेल आणि 30 आठवड्यांत 91 गाठायचे असतील, तर आठवड्याला 1.3 शब्दांची वाढ लागेल. तिसरीत हे जमणारं आहे, पण आपोआप होणारं नाही. आठ आठवड्यांनी तो 62च्या आसपास दिसायला हवा. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली पडले तर काहीतरी बदलायचं, असा साधा नियम बहुतेक टीम पाळतात. बदल म्हणजे लगेच टियर 3 नव्हे. गट लहान करता येतो, वेळ वाढवता येतो किंवा चुकीच्या कौशल्यावर काम चाललं असेल तर ते बदलता येतं. टियर 3मध्ये मदत रोजची आणि जवळजवळ एकेकट्याची होते, मोजणी दर आठवड्याला.

बऱ्याच शाळांत मोजणी होते पण आलेख कुणी उघडत नाही. पालकांनी ईमेलने मागितला की उघडतात. तेव्हा मागा.

वर्गातली किती मुलं टियर 2मध्ये आहेत, हेही सहज विचारून बघा. शाळा त्रिकोणाचं चित्र काढून सांगतात की वर्गात चांगलं शिकवलं तर सुमारे 80 टक्के मुलांना तेवढंच पुरतं, 10 ते 15 टक्क्यांना थोडी जास्त मदत लागते आणि 5 टक्क्यांच्या आसपास मुलांना सखोल. प्रत्येक शाळेत हे जुळत नाही. पण अर्धा वर्ग चाचणीच्या कट-ऑफखाली असेल, तर दुखणं मुलांचं नसून वर्गातल्या रोजच्या शिकवण्याचं आहे, आणि अर्ध्या वर्गाला छोटे गट करून शिकवण्याइतकी माणसं कुठल्याच शाळेकडे नसतात. गोपनीयतेमुळे इतर मुलांची नावं कुणी सांगणार नाही, ढोबळ प्रमाण मात्र सांगतात.

आता ते कार्ड. पालकांना ते वर्तणुकीचं प्रगतिपुस्तक वाटतं आणि घरोघरी त्याचं वाटोळं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा सकाळी शाळेत आल्यावर दोन मिनिटं एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतो. ती समुपदेशक असेल, लायब्ररीयन असेल, कधी ऑफिसमधली बाईही असते. ती विचारते झोप झाली का, दप्तर आणलं का, आज कशावर लक्ष ठेवायचं. मग दिवसभर प्रत्येक तासानंतर शिक्षिका कार्डावर 0, 1 किंवा 2 गुण देते आणि का दिले ते एका वाक्यात सांगते. शाळा सुटताना पुन्हा त्याच माणसाकडे हिशोब. तीन अपेक्षा आणि सहा तास असतील तर एकूण 36 गुण होतात, आणि लक्ष्य सहसा 80 टक्के, म्हणजे 29. कार्ड घरी येतं, तुम्ही सही करता.

यात काम करतात ती सकाळची दोन मिनिटं आणि दिवसभर मिळणारे नेमके शब्द. घरी कार्ड बघून 'आज शून्य का?' अशी उलटतपासणी सुरू झाली, की तिसऱ्या दिवशी कार्ड बसमध्ये हरवतं. शून्याचा निकाल शाळेत लागलेला असतो, त्याची दुसरी शिक्षा घरी नको. दोन गुण कुठे मिळाले ते वाचून दाखवा, सही करा, विषय संपवा. आयपॅड काढून घेणं वगैरे या कार्डाला अजिबात जोडू नका.

पण हे कार्ड तुमच्या मुलाला लागू पडेल का, हे त्याच्या उठण्याच्या कारणावर अवलंबून आहे. मोठ्यांचं लक्ष हवं म्हणून जे मूल उठतं, त्याला यातून तेच लक्ष चांगल्या मार्गाने मिळतं आणि फरक पडतो. जे मूल काम टाळायला उठतं, त्याला सकाळच्या गप्पांनी काय होणार? वाचनाचा उतारा समोर आला की पेन्सिलीला टोक करायला जायचं, मग पाणी, मग बाथरूम, तोवर तास संपतो. तुमच्या पत्रात वाचन आणि उठणं दोन्ही एकत्र आलंय, म्हणून मला हाच संशय आहे. दोन आठवड्यांची कार्डं शेजारी शेजारी मांडून बघा. शून्यं वाचन-लेखनाच्या तासांत गोळा झाली असतील आणि गणितात, सायन्समध्ये दोन-दोन गुण असतील, तर ही कार्डं तशीच बैठकीला घेऊन जा आणि सांगा की हा वागणुकीचा प्रश्न नाही, त्याला ते वाचता येत नाहीय. मग उपाय बदलतात: त्याच्या पातळीचा मजकूर, कामाचे छोटे तुकडे, विश्रांती मागण्याची एक ठरलेली खूण. उलट सगळ्याच तासांत सारखंच दिसत असेल तर झोप, डोळे, कान आणि एकाग्रता हे बघायला हवं, आणि त्यासाठी मुलांच्या डॉक्टरांकडेही जावं लागेल.

यानेही भागलं नाही तर वागणुकीतला टियर 3 असतो. त्यात प्रशिक्षित माणूस वर्गात बसून नोंदी करतो: उठण्याच्या आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. त्यावरून त्याच्यापुरती योजना बनते. तुमचं प्रकरण आज तिथे नाही.

आता एक सावधगिरी. काही शाळा म्हणतात, 'आधी टियर 2 पूर्ण होऊ द्या, मग टियर 3, त्यानंतर मूल्यमापनाचं बघू.' असं थांबवून ठेवता येत नाही. फेडरल शिक्षण खात्याने जानेवारी 2011मध्ये राज्यांना लेखी कळवलं आहे, की या पातळ्यांच्या नावाखाली स्पेशल एज्युकेशनचं मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही. पालक ते कधीही मागू शकतात. मागणी लेखी करा, ईमेल चालतं, तारीख हवी. मग शाळेने तुमची संमती मागायची किंवा नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्यायचा. संमती दिल्यापासून 60 दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं. काही राज्यांची मुदत वेगळी आहे, तुमच्या राज्याची बघून घ्या.

तुम्ही आत्ताच मागावं का? एवढ्या माहितीवर मी आठ-दहा आठवडे आलेख बघितला असता. पण घरात कुणाला डिस्लेक्सिया (शब्द ओळखून वाचण्यातली मूळची अडचण) असेल, मुलगा उशिरा बोलायला लागला असेल, किंवा दुसरीतही अशीच मदत मिळून फरक पडला नसेल, तर थांबायचं कारण नाही. मूल्यमापन चालू असताना गट आणि कार्ड दोन्ही सुरूच राहतात. तो गेल्या वर्षीच भारतातून आला असेल तर मात्र चित्र बदलतं. इंग्रजी पुरेसं येत नाही किंवा वाचन नीट शिकवलंच गेलेलं नाही, हे मुख्य कारण असेल तर डिसॅबिलिटी ठरवता येत नाही, असं कायदाच सांगतो. तेव्हा त्याचं आधीचं शिक्षण कुठल्या माध्यमात झालं, मराठी वाचता येत होतं का, हे टीमला आपणहून सांगा. आम्हाला ते फाइलमधून कळत नाही.

आणि मराठी बंद करू नका. घरी दोन भाषा असल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही. आईवडिलांनी अडखळत्या इंग्रजीत चार शब्द बोलण्यापेक्षा रात्री जेवताना मराठीत रंगलेली गोष्ट मुलाचा शब्दसंग्रह, तर्क आणि गोष्ट सांगण्याची हातोटी जास्त वाढवते, आणि त्याचा उपयोग इंग्रजी समजायला होतो. उलट तुमच्या मराठीतून आम्हाला एक माहिती मिळू शकते. त्याला विचारा, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? 'पाऊस' कुठल्या आवाजाने सुरू होतो? 'स'ने सुरू होणारे तीन शब्द सांग. खेळ म्हणून, गाडीत बसल्या बसल्या. मराठीत हे पटापट जमत असेल आणि इंग्रजीत अडत असेल, तर अडचण बहुधा इंग्रजीच्या सरावाची. ज्या भाषेत तो लहानपणापासून बोलतो तिच्यातही आवाज सुटे करता येत नसतील, तर ते पहिल्याच बैठकीत सांगा. एवढ्यावरून निदान होत नाही, पण इंग्रजी चाचणीतून हे आम्हाला दिसूच शकत नाही.

राहिला नकाराचा प्रश्न. टियर 2साठी पालकांची संमती लागते की नुसतं कळवलं जातं, हे राज्य आणि डिस्ट्रिक्टवर अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर नकार देऊ नका. तिसरीनंतर प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो, आणि या वयात सापडलेली खोट भरून निघायला सहावीपेक्षा खूप कमी वेळ लागतो. फक्त या आठवड्यात शिक्षिकेला एक ईमेल टाका: गट कोणत्या कौशल्यावर काम करणार, कोण शिकवणार, कुठल्या तासात, मोजणी किती दिवसांनी, आणि बदल करायचा की नाही हे ठरवायची तारीख कोणती. मुलाला सांगताना शाळेचा 'टियर 2' हा शब्द वापरू नका. 'वाचताना जे अडतं ना, त्यासाठी तुला रोज थोडा जास्त वेळ मिळणार आहे,' एवढं पुरे.

बैठक ठरली की आलेखाची प्रत आधी मागवून ठेवा. तुमच्यापैकी कुणाला इंग्रजीत बोलताना दडपण येत असेल तर दुभाषा मागा. त्याचे पैसे शाळा तुमच्याकडून घेत नाही, पण मराठीचा दुभाषा शोधायला वेळ लागतो, म्हणून दोन आठवडे आधी कळवा. त्याच्या जागी मोठ्या बहिणीला बसवू नका.